अ‍ॅडजस्टेबल सॅडलची अ‍ॅकॉस्टिक गिटार: जळगावच्या उन्हाळा-पावसाळ्यानंतर

स्प्रूसच्या सॉलिड टॉपची (वरची पाटी अखंड लाकडाची) गिटार. सॅडल, म्हणजे टॉपला चिकटवलेल्या ब्रिजवरची तारा टेकतात ती पट्टी, दोन स्क्रूंवर वर-खाली होणारं. बाकीची माहिती सगळीकडे मिळते, म्हणून थेट त्या स्क्रूंकडे येतो. या गिटारचं भलंबुरं तेच ठरवतात.

मे महिन्यात तारा छेडल्या की झिणझिण सुरू झाली. दुकानाचं उत्तर: "पूर्ण ब्रिज बदलावा लागेल." याचा अजून राग आहे. ब्रिज काढायचा म्हणजे तापवून चिकटवण सोडवायची, त्यात टॉपचं लाकूड उचकटायची भीती, वर मजुरी. आणि दुखणं कुठे, तर स्क्रूच्या सैल आट्यांत.

झिणझिण कुठली ते आधी ओळखा. फ्रेटची (मानेवरच्या धातूच्या आडव्या पट्टीची) असेल तर ती जागा धरून राहते, ठरावीक तारेच्या ठरावीक फ्रेटलाच येते. स्क्रूची असेल तर ती सूर धरून राहते. तिसरी तार मोकळी छेडा, मग चौथी तार पाचव्या फ्रेटवर दाबून छेडा. दोन्हीकडे एकच सूर आहे, जी (G). दोन्हीकडे झिणझिणलं तर संशय स्क्रूवर. मग दुसऱ्या कुणाला तोच सूर छेडायला सांगा आणि सॅडलचं एकेक टोक बोटाने दाबून पाहा. ज्या टोकाला आवाज थांबेल, तो स्क्रू सैल.

उपाय प्लंबिंगच्या दुकानात दहा-वीस रुपयांत मिळतो: पांढरी टेफ्लॉन टेप. तारा पूर्ण सैल करा, स्क्रू बाहेर काढा, आटे कोरड्या ब्रशने साफ करा. टेपचे दोन वेढे स्क्रू घट्ट होतो त्याच दिशेने द्या; उलटे दिले तर स्क्रू फिरवताना टेप गोळा होऊन वर येते. चार-पाच वेढे देऊ नका, बुश (स्क्रू ज्यात बसतो ती लाकडातली धातूची नळी) लाकडातून निसटेल. फेविक्विक तर चुकूनही नको, स्क्रू कायमचा बसेल आणि ज्यासाठी हा ब्रिज घेतला तेच संपेल.

उन्हाळ्यात माझं मत होतं की साधं पक्कं बोन सॅडल बरं. पावसाळा लागल्यावर ते बदललं. आपल्याकडे मेमध्ये पारा ४४-४५ला जातो, हवा कोरडी ठणठणीत; टॉप आक्रसून खाली बसतो आणि तारा फ्रेटला टेकायला लागतात. जुलैत तोच टॉप ओलीने फुगतो, तारा उंच जातात, एफ कॉर्डचा बारे (एकाच बोटाने सगळ्या तारा दाबणं) धरताना मनगट भरून येतं. दिवसरात्र कूलर चालणाऱ्या खोलीत तर हे भर उन्हाळ्यातही होतं. पक्क्या सॅडलला यावर दोनच वाटा: तळ घासा, नाहीतर खाली पट्टी घाला. इथे स्क्रू फिरवला की काम झालं.

हिशेब असा. स्क्रू ४ मिमीचा, दोन आट्यांतलं अंतर ०.७ मिमी. दोन्ही स्क्रू एक पूर्ण फेरा फिरवले की सॅडल ०.७ मिमी हलतं, आणि बाराव्या फ्रेटवर तार त्याच्या निम्मी, ०.३५ मिमी. तिथे फ्रेट आणि तार यांतलं अंतर सहाव्या, जाड तारेला २.४ ते २.५ आणि पहिलीला १.७ ते १.८ मिमी ठेवा. आधी मानेचा बाक ट्रस रॉडने (मानेच्या आतल्या, बाक कमी-जास्त करणाऱ्या सळईने) बघून घ्या, मगच सॅडलला हात लावा. तारा ताणलेल्या असताना स्क्रू फिरवू नका, डोक्याची खाच फाटते. तारा सैल करा, पाव-पाव फेरा द्या, सुरात आणा, मोजा.

सॅडल फार वर नेलं तर वेगळंच दुखणं उभं राहतं. आत थोडेच आटे उरले की तारांच्या ओढीने ते मानेकडे झुकतं, तारेची लांबी कमी होते आणि बाराव्या फ्रेटचा सूर चढा लागतो. चार-पाच आटे आत राहिलेच पाहिजेत. तेवढ्यात उंची पुरत नसेल तर गडबड मानेच्या कोनात आहे, सॅडलमध्ये नाही.

आवाजाबद्दलची तक्रार खरी आहे. सॅडल ब्रिजवर सगळं टेकत नाही, दोन स्क्रूंवर उभं राहतं, त्यामुळे खर्ज थोडा पातळ लागतो. गिब्सन कंपनीच्या १९६०च्या दशकातल्या जे-४५ या अ‍ॅकॉस्टिक गिटारवरही असाच ब्रिज येत असे, आणि बरेच मालक तो काढून पक्कं बोन बसवतात. इतका खर्च न करता फक्त सॅडलची प्लॅस्टिक पट्टी बदलून हाडाची घातली, तरी वरच्या तारा स्पष्ट होतात. खर्जात मात्र फारसा फरक नाही. पट्टी घेताना दुसऱ्या तारेची टेकण्याची जागा थोडी मागे घासलेली हवी, नाहीतर बी तार वरच्या फ्रेटवर चढीच राहते.

घ्यायला जाल तेव्हा चपटा स्क्रू ड्रायव्हर सोबत न्या. दुकानातच तारा सैल करायला लावा, दोन्ही स्क्रू अर्धा फेरा वर, अर्धा खाली फिरवून पाहा. एखादा डगमगला तर दुसरा नग मागा. आणि ब्रिजच्या मागच्या कडेखाली कागदाची पट्टी सरकवून बघा. ती आत गेली तर ब्रिज आधीच उचकटायला लागलाय, ती गिटार सवलतीतही घेऊ नका.