टर्कीचा सांगाडा, मांड्या, छाती आणि सहा क्वार्टचा इन्स्टंट पॉट

थँक्सगिव्हिंगच्या, म्हणजे नोव्हेंबरातल्या गुरुवारी अख्खी टर्की (कोंबडीहून मोठा पक्षी) भाजून खाण्याच्या अमेरिकन सणाच्या, दुसऱ्या दिवशी फ्रिजमध्ये ‘उरलेली टर्की’ म्हणून जे असतं ते खरं तर तीन निरनिराळे जिन्नस असतात: कोरडी पडू लागलेली छाती, अजून ओलावा धरून असलेल्या मांड्या आणि तंगड्या, आणि सांगाडा. इन्स्टंट पॉट ड्युओ या विजेच्या प्रेशर कुकरचं सहा क्वार्टचं (साधारण पावणेसहा लिटरचं) मॉडेल सांगाड्याचा स्टॉक, म्हणजे हाडं उकळून काढलेलं पाणी, करण्यासाठी उत्तम आहे. मांड्यांसाठी त्याची फारशी गरज नाही. छातीसाठी ते वापरूच नये. अमेरिकेतल्या मराठी घरांत हे भांडं डाळ-भातासाठी रोज चुलीच्या बरोबरीने राबतं, म्हणून टर्कीचं सगळंच त्यात ढकलण्याचा मोह होतो आणि तिथेच चूक होते.

आधी वेळेचं गणित. भाजलेली टर्की ओव्हनमधून काढल्यापासून दोन तासांच्या आत हाडांपासून सोडवून, लहान डब्यांत भरून फ्रिजमध्ये जायला हवी. अख्खी टर्की तशीच ठेवली तर आतली ऊब तासन् तास टिकते. फ्रिजमध्ये तीन ते चार दिवस, म्हणजे गुरुवारची टर्की सोमवारपर्यंत. त्याहून जास्त ठेवायची तर लगेच फ्रीझरमध्ये. पुन्हा गरम करताना आतपर्यंत ७४ अंश सेल्सिअस व्हायला हवं, आणि तेही त्या जेवणापुरतंच मांस काढून.

आता सांगाडा. भांड्याची क्षमता २४ कप, पण प्रेशरखाली दोन-तृतीयांशच भरायचं, म्हणजे आतल्या खुणेपर्यंत १६ कप. बारा-चौदा पौंडांच्या टर्कीचा सांगाडा अख्खा बसत नाही. कण्याचा भाग छातीच्या हाडापासून हाताने मोडून वेगळा करावा, फासळ्या किचनच्या कात्रीने कापाव्यात, पंख सांध्यात तोडावेत. असे चार-पाच तुकडे आणि तंगड्यांची हाडं दाबून बसवली की वर साधारण १० कप पाणी मावतं. हाडं जेमतेम बुडतील एवढंच पाणी घालायचं. सोळा पौंडांच्या वरची टर्की असेल तर आठ क्वार्टचं भांडं लागतं किंवा दोन घाण्यांत काम करावं लागतं.

भांड्यात टाकण्याआधी सांगाड्याची पोकळी नीट तपासा. आत स्टफिंगचे (भाजताना पोटात भरलेल्या सारणाचे) पावाचे तुकडे राहिले तर स्टॉक गढूळ आणि पिठूळ होतो. लिंबाची फोड राहिली तर तिची साल तासभराच्या प्रेशरने कडू उतरते. काळपट जळलेली कातडी काढून टाका, सोनेरी राहू द्या. हाडं आधीच भाजलेली आहेत, ती पुन्हा ओव्हनमध्ये घालायची गरज नाही. सोबत एक कांदा चार फोडी करून, दोन इंच आलं, सात-आठ लसूण पाकळ्या, दहा मिरे, एक तमालपत्र. इथे एक सावधगिरी हवी. अमेरिकन दुकानात बे लीफ म्हणून जे मिळतं ते वेगळ्या झाडाचं पान. त्याला निलगिरीसारखा वास असतो, आपल्या तमालपत्राला दालचिनीचा. भारतीय दुकानातलंच घ्या.

मीठ अजिबात नको. बऱ्याच फ्रोझन टर्कींत कारखान्यातच मिठाचं पाणी टोचलेलं असतं आणि घरी ब्राइन केली (मिठाच्या पाण्यात भिजवली) असेल तर ते आणखी वाढतं. ते सगळं स्टॉकमध्ये उतरतं आणि आटवताना तीव्र होतं. चव रस्सा करताना बघायची.

हाय प्रेशरवर ६० मिनिटं, मग वाफ आपोआप उतरू द्यायची, किमान अर्धा तास. थंड पाण्याने एवढं भरलेलं भांडं प्रेशरवर यायलाच अर्ध्या तासाच्या आसपास घेतं. पाणी उकळतं घातलं तर तो वेळ बराच वाचतो. एकूण दोन तास धरून चला. या यंत्राचं हाय प्रेशर १०.२ ते ११.६ पीएसआय (दाबाचं माप) आहे, तर आपल्या शेगडीवरच्या कुकरचं सुमारे १५. म्हणून हॉकिन्समध्ये हेच काम ४० मिनिटांत होतं. तरीही स्टॉकसाठी मी इन्स्टंट पॉटलाच वरचा क्रमांक देईन. तो शिट्ट्या मारत नाही, त्यामुळे वास आणि पाणी दोन्ही आत राहतात, आणि आत खळखळाट कमी असल्याने स्टॉक स्वच्छ निघतो. घाईने वाफ सोडली तर हा फायदा संपतो. दाब एकदम उतरताच आतलं पाणी उसळतं, चरबी त्यात घुसळली जाते, स्टॉक दुधाळ होतो आणि झडपेतून तेलकट फवारा ओट्यावर उडतो.

शिजून झाल्यावर आपोआप सुरू होणारं ‘कीप वॉर्म’ (अन्न गरम ठेवणं) बंद करा, गाळा आणि रुंद उथळ डब्यांत ओता. सिंकमध्ये बर्फाचं पाणी घेऊन डबे त्यात ठेवले तर लवकर निवतात. दुसऱ्या दिवशी वरची चरबी घट्ट होते, ती काढून फोडणीला ठेवावी. खालचा स्टॉक खरवसासारखा थरथरला तर पाण्याचं प्रमाण बरोबर होतं. पातळच राहिला तर पाणी जास्त झालं. ‘सॉटे’वर (परतण्याच्या बटणावर) झाकण न लावता एक-तृतीयांश आटवा.

आणि हा स्टॉक म्हणजे कोल्हापुरी स्वयंपाकातलं अळणीच, म्हणजे मटण शिजवलेलं पाणी, ज्यावर रस्सा करतात. पांढऱ्या रश्श्याला याहून सरळ वाट नाही. चार कप स्टॉकसाठी बारा काजू, एक मोठा चमचा खसखस आणि एक मोठा चमचा पांढरे तीळ गरम पाण्यात अर्धा तास भिजवून गंधासारखं वाटायचं. तुपात चार लवंगा, दोन वेलदोडे, दालचिनीचा तुकडा आणि एक चमचा आलं-लसूण परतून वाटण घालायचं, ते मंद आचेवर दोन-तीन मिनिटं हलवायचं, मग गरम स्टॉक थोडा थोडा. एक कप घट्ट नारळाचं दूध अगदी शेवटी, आणि त्यानंतर उकळी नाही. हे सगळं साध्या पातेल्यात करा. प्रेशरखाली नारळाचं दूध फुटतं आणि खसखशीचं वाटण तळाला बसून भांडं ‘बर्न’ (तळ करपत असल्याची सूचना) दाखवतं.

‘बर्न’ची तक्रार या भांड्याबद्दल सर्वाधिक ऐकू येते आणि टर्कीच्या बाबतीत तिचं कारण बहुधा ग्रेव्ही असते. थँक्सगिव्हिंगची ग्रेव्ही मैद्याने दाट केलेली असते. ती आधी तळाला घातली की चिकटते, सेन्सरला तळ तापलेला कळतो आणि यंत्र थांबतं. कांदा परतल्यावर अर्धा कप स्टॉक घालून लाकडी उलथन्याने तळ खरवडून काढा. दाट काहीही असेल ते प्रेशर संपल्यावर.

मांड्या-तंगड्यांचं गडद मांस दुसऱ्यांदा शिजणं सोसतं, कारण त्यात कोलॅजन (शिजून मऊ होणारं चिवट प्रथिन) आणि चरबी जास्त असते. त्याचं सुकं उत्तम होतं, पण कढईत. या भांड्याचा ‘सॉटे’ माझ्या मते त्याची सगळ्यात कमकुवत बाजू आहे. तळ लहान, कडा उंच, वाफ कोंडते आणि कांदा खरपूस होण्याऐवजी उकडतो. कढईत दोन मोठे कांदे गडद होईस्तोवर भाजावेत, अर्धी वाटी सुकं खोबरं वेगळं भाजावं, दोन्ही वाटून तेलात दोन चमचे कांदा-लसूण मसाल्यासह तेल सुटेपर्यंत परतावं, मग तीन कप मांसाचे मोठे तुकडे आणि पाऊण कप स्टॉक घालून झाकून सात-आठ मिनिटं. फार बारीक केलेलं मांस लोकरीसारखं होतं.

फ्रिजमधल्या टर्कीला दुसऱ्या दिवशी जो शिळकट, पुठ्ठ्यासारखा वास येतो तो मांस खराब झाल्याचा नव्हे. टर्कीच्या चरबीतला सहज ऑक्सिडाइझ होणारा भाग, मांसातलं लोह आणि हवा यांचा तो परिणाम आहे. म्हणून मांस ग्रेव्हीत किंवा स्टॉकमध्ये बुडवून हवाबंद ठेवावं. लवंग ही क्रिया मंदावते, म्हणजे आपला गरम मसाला इथे वासावर पांघरूण घालण्यापलीकडेही काम करतो.

छाती प्रेशरमध्ये घातली की तंतू आवळतात, उरलंसुरलं पाणी बाहेर पडतं, आणि पाच मिनिटांतच भुसा तयार. तिचे कटलेट करा. दोन कप हाताने बारीक केलेली छाती, पाऊण कप त्याच जेवणातला मॅश्ड पोटॅटो, एक अंडं, हिरवी मिरची, आलं, पुदिना, कोथिंबीर. मॅश्ड पोटॅटोत लोणी-दूध असल्याने मिश्रण सैल होतं आणि तव्यावर फुटतं. दोन-तीन चमचे ब्रेडचा चुरा घालून अर्धा तास फ्रिजमध्ये ठेवा, मग रव्यात घोळून कमी तेलात दोन्ही बाजूंनी मध्यम आचेवर. उरलेल्या क्रॅनबेरी सॉसमध्ये लाल तिखट, भाजलेलं जिरं आणि काळं मीठ घातलं की सोबतची चटणी झाली. हे जोडीला खरोखर फार चांगलं लागतं.

पुलावासाठी मात्र भांडं पुन्हा बाहेर काढावं. दोन कप बासमती २० मिनिटं भिजवून, निथळून, दोन कप स्टॉक. जेलीसारखा स्टॉक आधी वितळवून मोजा, नाहीतर पाणी चुकतं. चार मिनिटं हाय प्रेशर, दहा मिनिटं आपोआप उतरू द्या. छातीचे तुकडे वेगळ्या पातेल्यात थोड्या स्टॉकमध्ये झाकून वाफाळेपर्यंत गरम करून वरून मिसळा.

झाकणातली सिलिकॉनची रिंग वास धरते, आणि टर्की-मसाल्यानंतर त्यात लावलेल्या दह्याला तो लागतो. दोन रिंगा ठेवा. मागचा पाणी गोळा होणारा कप स्टॉकनंतर धुवा, विसरला तर बुरशी येते. नवं भांडं घ्यायचंच असेल तर ब्लॅक फ्रायडे टर्कीच्या दुसऱ्याच दिवशी येतो आणि तेव्हा त्यावर बहुधा सूट असते. मात्र अमेरिकेतलं मॉडेल १२० व्होल्टचं, १००० वॉटचं आहे; भारतात घरच्यांसाठी नेण्याचा विचार असेल तर नेऊ नका, तिथे २३० व्होल्टचं मॉडेलच लागेल.