जुन्या अल्युमिनियम बोटीचा फ्लोअर: प्लाय, अल्युमिनियम की कंपोझिट?

अमेरिकेत मिशिगन, मिनेसोटाकडे सेकंडहँड १४-१६ फुटी अल्युमिनियम फिशिंग बोट स्वस्तात मिळते, हल (बोटीची बाहेरची बॉडी) मस्त असतो पण फ्लोअर पायाखाली दबत असतो. नवीन कशाचा टाकायचा म्हणून दुकानात उभे असाल तर आधी एक सांगतो, ट्रीटेड, म्हणजे कुजू नये म्हणून औषध मुरवलेल्या, प्लायला हात लावू नका. स्वस्त असतं, लवकर कुजत नाही, सगळं खरं, पण त्यातल्या औषधात तांबं असतं आणि ओलाव्यात तांबं अल्युमिनियमला लागलं की अल्युमिनियम खाल्लं जातं. फ्लोअर टिकेल आणि हलला भोकं पडतील, म्हणजे रोगापेक्षा औषध जालीम.

मरीन प्लाय (बोटींसाठीचा म्हणून मिळतो तो) कुजत नाही हा पण गैरसमजच. गोंद साधारण तोच जो चांगल्या एक्स्टिरियर (घराबाहेर वापरायच्या) प्लायमध्ये असतो, फक्त आतल्या थरांत पोकळ्या कमी आणि लाकूड चांगलं, किंमत मात्र बरीच जास्त. त्यामुळे बोट गोड्या पाण्यातच चालवणार आणि ट्रेलरवर घरी आणून झाकून ठेवणार असाल तर माझं मत, अर्धा इंची एक्स्टिरियर प्लाय घ्या (खालचे सपोर्ट लांब लांब असतील तर पाऊण इंची) आणि वाचलेले पैसे इपॉक्सीत (दोन भाग मिसळून लावायचं वॉटरप्रूफ रेझिन) घाला. दोन्ही बाजूंना दोन-तीन हात, कडांना त्याहून जास्त, कारण पाणी शिरतं ते कडेतून आणि स्क्रूच्या भोकातून. भोकं आधी जरा मोठी पाडायची, इपॉक्सीने भरायची, वाळल्यावर त्यातच परत ड्रिल करायचं. कंटाळवाणं आहे, पण शॉर्टकट मारून चालत नाही.

खाऱ्या पाण्यात नेणार किंवा बोट कायम उघड्यावर राहणार असेल तर सरळ अल्युमिनियम. ५०५२ या ग्रेडची १/८ इंची शीट, ४ बाय ८ ची साधारण ५५ पौंड भरते, वजन वाचेल म्हणून घेऊ नका. आवाज करते, उन्हात चटके देते, पण कुजायचा विषयच नाही. रिव्हेट अल्युमिनियमचेच मारा.

कंपोझिट म्हणजे कूसा वगैरे ब्रँडचे फोम आणि फायबरग्लासचे बोर्ड, प्लायपेक्षा हलकं, कुजत नाही, भाव ऐकून बोटच विकावीशी वाटते.

वरून कार्पेट नको, पाणी धरून ठेवतं आणि गळ अडकले की सोडवत बसा. व्हिनाइल धुवायला सोपं, ईव्हीए फोम पायाला मऊ, पण गडद रंग घेऊ नका, तापतो.

आणि फ्लोअर उघडलाच आहे तर खालच्या फोमचा तुकडा कापून पिळून बघा. पाणी गळलं तर बदला, पण काढून रिकामं ठेवायचं नाही, बोट पाण्याने भरली तरी तरंगावी म्हणून २० फुटांखालच्या अशा बोटीत कंपनीला तो कायद्यानेच द्यावा लागतो. गुलाबी किंवा निळा इन्सुलेशन बोर्ड कापून बसवता येतो, फक्त पेट्रोल सांडलं की विरघळतो, म्हणून टाकीजवळ नको. मधोमध पाणी मागे ड्रेन प्लगकडे (पाणी सोडायच्या बुचाकडे) वाहायला वाट ठेवा, नाहीतर नवीन फोम पण भिजतच राहणार.