नाटक शिकायला बडोदा की पुणं?

गेल्या महिन्याभरात तीन जणांनी मला हाच प्रश्न विचारला. तिघंही दांडिया बाजार-रावपुऱ्याकडचे, घरात मराठी आणि उंबऱ्याबाहेर गुजराती, म्हणजे माझ्यासारखेच. नाटकच करायचंय हे त्यांचं ठरलंय, घरच्यांशी भांडूनही झालंय, आता फक्त इथेच राहायचं की पुण्याला जायचं एवढंच राहिलंय. मी इथे एम.एस. युनिव्हर्सिटीतून ड्रामा घेऊन बीपीए (परफॉर्मिंग आर्ट्सची पदवी) केलं, मग मास्टर्सचं ठरवायच्या आधी चार महिने पुण्यात एका हौशी ग्रुपबरोबर काढले, आणि परत आलो. पुण्यात ॲडमिशन घेऊन शिकलेलो नाही हे आधीच सांगतो, त्यामुळे माझं म्हणणं तेवढ्याच हिशोबाने घ्या.

फी, सिलॅबस वगैरे तुम्ही बघितलं असेलच, त्यात मी पडत नाही.

पुण्याच्या बाजूने बोलायचं तर भरपूर आहे. पुणे विद्यापीठाचं ललित कला केंद्र १९८७ पासून आहे, तिथल्या अंगणमंचावर मी दोन प्रयोग बघितले आणि दोन्ही वेळा पोटात गोळा आला, की ही आपल्याच वयाची पोरं आहेत आणि आपण काय करतोय. शिवाय तिथे रोज संध्याकाळी कुठे ना कुठे मराठी नाटक असतंच, आज बालगंधर्व तर उद्या सुदर्शन, पैसे नसले तर बॅकस्टेजला मदत करायची आणि विंगेतून बघायचं. आणि पुरुषोत्तम करंडक, कॉलेजांची एकांकिका स्पर्धा. भरत नाट्य मंदिरात ‘आव्वाज कुणाचा’ सुरू झालं की अंगावर काटा येतो, मी तर कुठल्याच कॉलेजचा नव्हतो तरी ओरडत होतो. आपल्याकडे युथ फेस्टिव्हल असतो, मजा असते, पण ते हे नाही.

भाषेचं दोन्ही बाजूंनी आहे. माझ्या तोंडात ‘येतोस ने?’ बसलेलं आहे, ते पुण्यात पहिल्याच वाचनात निघालं आणि सगळे हसले, प्रेमाने हसले पण हसले. चार महिन्यांत माझं मराठी बरंच साफ झालं हे मान्य. पण इथे मी तीन भाषांत नाटक केलंय, डिग्रीची बहुतेक कामं गुजराती-हिंदीत आणि मंडळाची मराठीत, आणि एका भाषेतला हेल दुसरीत मुद्दाम वापरता येतो हे मला इथेच कळलं. पुण्यात तो हेल म्हणजे फक्त दुरुस्त करायची गोष्ट होती.

बडोद्याचा इतिहास तुम्हाला पाठ असेल, सयाजीरावांनी १८८६ मधे गायनशाळा काढली, युनिव्हर्सिटी १९४९ मधे झाली, गुजराती नाटककार सी. सी. मेहतांच्या नावाचं ऑडिटोरियम आहे, सगळं ठीक. त्या जोरावर ॲडमिशन घेऊ नका. इथे मराठी नाटक बघायला मिळणं म्हणजे दौऱ्यावर कोणी आलं तर गांधी नगरगृहात, नाहीतर नाही. आणि नवरात्रात नऊ दिवस तालीम नावाची गोष्टच नसते. लीड ॲक्टर गरब्याचं केडियू घालून गायब, डायरेक्टर त्याला शोधायला जातो आणि तोही गरब्यातच सापडतो.

आता ज्या गोष्टीमुळे मी परत आलो ती सांगतो, हसायचं असेल तर हसा.

पुण्यात मी पेठेत एका काकांकडे कॉट बेसिसवर राहत होतो. खाली लोखंडी गेट, त्याला साखळी, साखळीला कुलूप, आणि किल्ली काकांच्या जानव्याला. साडेदहाला गेट बंद. आमच्या ग्रुपमधले सगळे नोकरीवाले, त्यामुळे तालीम सुरूच व्हायची आठनंतर आणि संपायची सव्वाअकराला. पहिल्यांदा फोन केला, ‘काका, शेवटचा सीन चाललाय,’ तर काका म्हणाले, ‘तुमचा शेवटचा सीन रोजच असतो का?’ उत्तर काय देणार, रोजच होता. तीन रात्री तालमीच्या हॉलवर गुंडाळलेल्या पडद्यावर झोपलो, डासांनी फोडून काढलं. रूम बदलायला गेलो तर माझ्या बजेटमधे बसणाऱ्या तिन्ही ठिकाणी हेच, फक्त एकीकडे अकरा वाजेपर्यंत सूट होती.

तेही चाललं असतं. पण दहा वाजले की माझं लक्ष घड्याळाकडे जायला लागलं. एका सीनमधे मला वडिलांचं पत्र वाचून गप्प बसायचं होतं, नुसतं बसायचं, आणि मी ते पत्र घडी करून खिशात कोंबून पुढच्या वाक्यावर उडी मारायचो. डायरेक्टर म्हणाला, ‘अरे तुला कुठे जायचंय का?’ तर मला खरंच जायचं होतं. पॉझ गेला माझा. जो बडोद्यात आपोआप यायचा तो.

इथे तालीम सुटली की सूरसागराच्या कडेने चालत दहा मिनिटांत घर. किल्ली तुळशीच्या कुंडीमागे, ओट्यावर ताट झाकलेलं, आई झोपेतच विचारते ‘आलास?’ बस. साडेबारा वाजो की दीड, कोणाला फोन करायचा नाही. ज्याचं घर वाघोडिया रोडच्या टोकाला आहे त्याला हा मुद्दा एवढा लागू नसेल, आणि ज्याची मावशी पुण्यात राहते त्याला तर अजिबातच नाही.

तर मी मास्टर्स इथेच करतोय. पुढे एनएसडी, म्हणजे दिल्लीचं राष्ट्रीय नाट्य विद्यालय, तिथली प्रवेश परीक्षा द्यायचीय, तीन वर्षांचा कोर्स आहे, पदवी लागते आणि हिंदी-इंग्रजी कामापुरतं यावं लागतं, तेवढं आहे. निवड नाही झाली तर पुण्या-मुंबईकडे जाईनच, पण तेव्हा स्वतःच्या खोलीचं भाडं भरता येईल एवढी कमाई करून.

तुम्हाला पुण्यालाच जायचं असेल तर जा, वाईट काहीच नाही, कदाचित माझ्यापेक्षा जास्त शिकाल. फक्त कॉलेज बघायच्या आधी खोली बघा, आणि डिपॉझिट देताना पंखा-नळ तपासता तसं विचारा, वेगळी किल्ली मिळणार का. ‘बघू’ म्हणाले तर नाही समजा. मला ‘बघू’ म्हणाले होते.