ग्राफाइट फर्नेस की आयसीपी-एमएस? रात्रीच्या रनचा हिशेब

नमुन्यातले अत्यल्प धातू मोजायची ही दोन यंत्रं: ग्राफाइट फर्नेस थेंब तापत्या ट्यूबमध्ये वाफ करून बहुधा एकेक धातू मोजतो, आयसीपी-एमएस नमुना आर्गॉनच्या प्लाझ्मात (अतितप्त, आयनित वायूत) फवारून अनेक धातू वस्तुमानावरून एकदम मोजतो. फक्त शिसं आणि कॅडमियम, आणि तेही दिवसाला दहा-पंधरा नमुने, एवढंच काम असेल तर ग्राफाइट फर्नेस घ्या, पुढचं वाचलं नाही तरी चालेल. धातू सात-आठ असतील आणि ट्रे भरून रात्रभर सोडून द्यायचा असेल, तर मात्र थोडं थांबा.

फर्नेसची खरी डोकेदुखी म्हणजे ऑटोसॅम्पलरची (नमुना आपोआप भरणाऱ्या यंत्रणेची) कॅपिलरी, म्हणजे बारीक नळी. तिने २० मायक्रोलिटर द्रावण ट्यूबच्या बारीक भोकातून आत नेऊन अलगद ठेवायचं असतं. टोक जरा वर राहिलं की थेंब टोकालाच चिकटून परत वर येतो. प्रथिनं असलेल्या नमुन्यांत हे हमखास होतं. टोक ब्लेडने नव्याने कापा, रिन्समध्ये (धुण्याच्या द्रावणात) किंचित ट्रायटन एक्स-१०० हा साबणासारखा पदार्थ घाला, आरशातून थेंब पडताना बघा, सगळं जमतं. पण रात्री दोन वाजता आरसा धरणार कोण? बिघाड कळतो तो दहा नमुन्यांनंतरच्या चेक स्टँडर्डला, म्हणजे ज्ञात प्रमाणाच्या द्रावणाला. तीन मिनिटांचं एक फायरिंग (ट्यूब तापवण्याचा फेरा), प्रत्येक नमुन्याचे दोन रिप्लिकेट (पुनर्मोजण्या), दहा नमुने: तास वाया, तोही एकाच धातूचा.

आयसीपी-एमएस काही साधूसंत नाही. पंपाची नळी चपटी होते, कोनवर (आयन ज्यातून आत जातात त्या धातूच्या शंकूवर) क्षार साचतात, विरघळलेले घन पदार्थ ०.२ टक्क्यांच्या आत ठेवावे लागतात. क्लोराइड असेल तर आर्गॉन-क्लोराइड आर्सेनिकच्या ७५ वस्तुमानावरच येऊन बसतं, म्हणून हेलियम मोड (हेलियम वायूतून नेऊन असे जोड-आयन गाळणं) लागतो. पारा नळ्यांना चिकटतो, त्याला रिन्समध्ये सोनं लागतं. तरी ऱ्होडियम, बिस्मथ हे इंटर्नल स्टँडर्ड (ठरावीक प्रमाणात मिसळलेले खुणेचे धातू) प्रत्येक नमुन्यासोबत जातात, म्हणून गडबड त्याच ओळीत दिसते. एकाच नमुन्यात सिग्नल पडला तर दोष बहुधा मॅट्रिक्सचा, म्हणजे नमुन्यातल्या बाकी पदार्थांचा. ट्रेभर हळूहळू उतरत गेला तर आधी कोन आणि नळी बघा. माझं माप झुकतं ते इथेच.

आर्गॉनची सोय मात्र आधी करा. मिनिटाला १५-१६ लिटर जातो, म्हणजे ७ घनमीटरचा सिलिंडर साधारण साडेसात तासांत रिकामा होतो आणि पहाटे प्लाझ्मा विझतो. द्रव आर्गॉन किंवा सिलिंडर आपोआप बदलणारा मॅनिफोल्ड हवाच.

आणि जुना फर्नेस असेल तर मोडीत काढू नका. नमुना जेमतेम शंभर मायक्रोलिटर हाती असेल, तर नेहमीच्या जोडणीत दोन-तीन मिलिलिटर पिणाऱ्या आयसीपी-एमएसला तो पाजणार कसा?