पेट्रोलचा वास आणि आर९ पाइप: पैसे कधी घालावेत, कधी नाही

गाडीला पेट्रोलचा वास येतो म्हणून पाइप बदलायला निघालात आणि बडोद्यात स्पेअरच्या दुकानात नुसता ‘पेट्रोल पाइप’ मागितलात, तर साधा काळा रबरी पाइप हातात पडण्याचीच शक्यता जास्त. मागायचा तो एसएई जे३० आर९, म्हणजे एसएई या संस्थेच्या इंधन-पाइपांच्या जे३० मानकातला आर९ प्रकार. हा छाप पाइपच्या अंगावरच असतो. नसेल तर घेऊ नका, दुकानदार काहीही म्हणो.

खरा फरक आतल्या थरात आहे. साध्या आर७ पाइपच्या आतलं नायट्राइल रबर एक थेंबही न गळता वाफ झिरपू देतं, आणि पेट्रोलमध्ये इथेनॉल असलं की जास्तच. म्हणून गळती सापडत नाही, पण वास जात नाही. आर९ला आतून फ्लुओरोइलास्टोमर या खास रबराचं अस्तर असल्याने हे झिरपणं फारच कमी होतं. दाबाचं म्हणाल तर आर७ ५० पीएसआयचा, आर९ १००चा. एमपीएफआय (कार्बोरेटरऐवजी इंजेक्शन असलेल्या) गाडीच्या लाइनीत ३ बार, म्हणजे साधारण ४४ पीएसआय दाब असतो. तिथे आर७ लावणं म्हणजे जीव टांगणीला.

पण आधी वास कुठून येतो ते पाहा. टाकी फुल केल्यावरच येत असेल तर मागे शोधा: फिलर नेकचा जाड पाइप, नाहीतर टाकीवरच्या गेज युनिटचं गॅस्केट, बऱ्याच गाड्यांत ते मागच्या सीटखाली असतं. कार्बोरेटरवाली मारुती ८०० असेल तर डिपस्टिक काढून हुंगा. ऑइलला पेट्रोलचा वास आणि पातळीही वाढलेली, तर बहुधा मेकॅनिकल पंपाचा पडदा फाटलाय. अशी गाडी चालवू नका, पातळ ऑइल बेअरिंगं खातं. उन्हाळ्यात गरम इंजिन बंद केल्यावर कार्बोरेटर थोडा वास मारणारच, त्यामागे लागू नका.

एमपीएफआयला सोपी युक्ती आहे. इंजिन थंड असताना चावी नुसती ऑन करा. पंप दोन-तीन सेकंद चालून लाइनीत दाब भरतो. मग प्रत्येक जोड पांढऱ्या टिश्यूने पुसून हुंगा. उजेडाला टॉर्चच, काडी नाही.

नवा पाइप बसवताना पंपाचा फ्यूज काढून इंजिन आपोआप बंद पडेपर्यंत चालवा, मग बॅटरीची निगेटिव्ह सोडवा. तरीही जोडाखाली फडकं हवंच. पाइपचा आतला व्यास धातूच्या नळीवर व्हर्नियर लावून ठरवा. खाचा असलेली जुबली क्लिप घट्ट आवळली की रबर कापते. कडा वळवलेली, सपाट पट्टीची इंजेक्शन क्लिपच घ्या आणि ती नळीच्या उंचवट्याच्या मागे बसवा.

आर९ची तक्रार दोनच गोष्टींची: किंमत आणि ताठपणा. तीव्र वळणावर तो दुमडतो, म्हणून लांबी थोडी जास्त ठेवून मोठा वळसा द्या. टाकीच्या आत मात्र हा वापरू नका. त्याचं बाहेरचं आवरण पेट्रोलमध्ये बुडून राहायला बनवलेलं नसतं, तिथे आर१०च लागतो.