लास व्हेगासमध्ये जुगार न खेळताही फसवणूक होते: 'फ्री टूर'च्या काउंटरपासून सावध

लास व्हेगासला सुट्टीसाठी जावं का, असं ओळखीतल्या कोणी विचारलं की मी आता एकच गोष्ट आधी सांगते. कॅसिनोला घाबरू नका, हॉटेलच्या लॉबीतल्या 'शो अँड टूर' काउंटरला घाबरा.

कॅसिनोत पैसे जातात हे खरं, पण तिथे कोणी लपवाछपवी करत नाही. नेवाडा राज्यात १९३१ पासून जुगार कायदेशीर आहे, त्यावर राज्याच्या गेमिंग कंट्रोल बोर्डाचं लक्ष असतं आणि टेबलाचे नियम टेबलावरच छापलेले असतात. ब्लॅकजॅक या पत्त्यांच्या खेळाच्या टेबलावर '३ टू २' लिहिलंय की '६ टू ५', एवढं वाचलं तरी पुरतं. १० डॉलर लावून ब्लॅकजॅक (पहिल्या दोन पानांतच २१) लागला तर पहिल्या टेबलावर १५ डॉलर मिळतात, दुसऱ्यावर १२. रूलेटच्या चाकावर एक शून्य असेल तर कॅसिनोचा वाटा २.७ टक्के, दोन असतील तर ५.२६ आणि स्ट्रिपवर, म्हणजे मोठमोठ्या कॅसिनो-हॉटेलांच्या मुख्य रस्त्यावर, आता बऱ्याच ठिकाणी दिसणाऱ्या तीन शून्यांच्या चाकावर ७.६९ टक्के. ज्याला खेळायचंय त्याने हिशेब करूनच बसावं. आमच्या घरात खेळणारं कोणीच नव्हतं. सासू-सासरे भारतातून आले होते, सासूबाईंना ग्रँड कॅनियन बघायचा होता आणि जाता जाता व्हेगासची रोषणाई दाखवू, एवढाच आमचा बेत.

खोलीचं भाडं आठवड्याच्या मधल्या वारी अगदी कमी दिसत होतं, एका रात्रीचे ५२ डॉलर. चेक-इन करताना त्यावर रोजची रिसॉर्ट फी ४५ डॉलर लागली आणि दोन्हींच्या बेरजेवर १३ टक्क्यांहून जास्त कर. म्हणजे ५२ची खोली ११० डॉलरला पडली. जिमला, पोहण्याच्या तलावाला आम्ही पायसुद्धा लावणार नव्हतो, तरी फी सक्तीची. आमच्यानंतर, १२ मे २०२५ पासून, अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनचा नियम लागू झाला आणि हॉटेलांना अशी सक्तीची फी धरून किंमत दाखवणं भाग पडलं. फी गेलेली नाही, आता ती आधी दिसते इतकंच. कर मात्र अजूनही वेगळा दाखवतात, तेव्हा शेवटच्या पानावरचा आकडा बघितल्याशिवाय कार्डचा नंबर टाकू नका.

पण हे किरकोळ. खरा प्रकार दुसऱ्या दिवशी सकाळी झाला.

लिफ्टमधून उतरून नाश्त्याला जायच्या वाटेवर एक काउंटर होतं. मागे शोची मोठी पोस्टरं, ग्रँड कॅनियनचा फोटो, समोर हॉटेलच्या कर्मचाऱ्यांसारखाच गणवेश घातलेली मुलगी. कोणालाही वाटेल की हे हॉटेलचंच माहिती केंद्र. ती हॉटेलची नव्हती, हे आम्हाला खूप नंतर कळलं. तिने आई-बाबांची चौकशी केली, कुठे कुठे जाणार विचारलं आणि ग्रँड कॅनियनचं नाव निघताच म्हणाली, चौघांची टूर फ्री देते, वर शोची चार तिकिटं. त्या बदल्यात आमच्या नव्या रिसॉर्टचा एक 'प्रीव्ह्यू' बघायचा, फक्त ९० मिनिटं, नवरा-बायको दोघांनी यायचं, नाश्ता आमच्याकडून. ४० डॉलर डिपॉझिट, ते परत मिळणार. 'टाइमशेअर', म्हणजे रिसॉर्टमध्ये दरवर्षी ठरावीक दिवस राहण्याचा हक्क विकत घेणं, हा शब्द तिच्या तोंडून एकदाही निघाला नाही. मी सरळ विचारलं, काही विकत घ्यावं लागतं का? "अजिबात नाही." मग तिने आमचं वय, लग्न झालंय का, घरात वर्षाला साधारण किती पैसे येतात, कोणतं क्रेडिट कार्ड आहे, हे सगळं लिहून घेतलं.

सासूबाई एवढंच म्हणाल्या, "अगं, एवढं सगळं फुकट का देतायत ते तरी विचार." मी विचारलं होतं. उत्तर आलं, जाहिरातीचं बजेट.

त्यांच्याच व्हॅनने नेलं. स्ट्रिपपासून बरंच लांब, म्हणजे मनात आलं तरी चालत परतायची सोय नाही. आत एक मोठा हॉल, ओळीने गोल टेबलं आणि इतकं मोठ्याने संगीत की शेजारच्या टेबलावरचं बोलणं ऐकू येऊ नये. दारातच 'नोंदणीसाठी' म्हणून नवऱ्याचं लायसन्स आणि क्रेडिट कार्ड घेतलं. आमच्या वाट्याला आलेला माणूस हिंदी बोलणारा निघाला आणि तो योगायोग नव्हता, काउंटरवर आमची माहिती त्यासाठीच घेतली होती. दीदी, भैया म्हणत त्याने आपल्या आई-वडिलांच्या गोष्टी सांगितल्या. मग कागदावर विचारलं, सुट्टीवर वर्षाला किती खर्च करता? आम्ही आकडा सांगितला, त्याने तो २० वर्षांनी गुणला, बेरीज गोल करून वर्तुळात लिहिली आणि म्हणाला, "हे पैसे तुम्ही हॉटेलवाल्यांना फुकट देणार आहात." मधूनच कुठल्या तरी टेबलावर कोणी सही केली की माइकवरून नाव पुकारायचे आणि सगळा हॉल टाळ्या वाजवायचा.

९० मिनिटं केव्हाच होऊन गेली. पहिली किंमत ३४ हजार डॉलर. नाही म्हटल्यावर 'मॅनेजर' आला, २१ हजार. त्यालाही नाही म्हटल्यावर तिसरा माणूस, आणि एक छोटं पॅकेज, ११ हजार ९००, फक्त आज, दाराबाहेर पडलात की ही किंमत संपली. तोवर दुपार टळून गेली होती. सासऱ्यांना मधुमेह आहे, त्यांच्या जेवणाची वेळ झालेली, हॉटेलमधून त्यांचे फोनवर फोन येत होते. लायसन्स अजून त्यांच्याच ताब्यात. व्हॅन विचारली तर "पाच मिनिटं". प्रत्येक नकारानंतर नवा माणूस येतो आणि पहिल्यापासून सुरू करतो. माणसाला असं थकवून, अडकवून ठेवून सही घेणं, हाच तिथला धंदा आहे.

शेवटी त्या छोट्या पॅकेजला आम्ही हो म्हटलं. सह्या टॅब्लेटवर झाल्या. पान विकणाराच सरकवत होता, बोट कुठे टेकवायचं तेही तोच दाखवत होता. १,८०० डॉलर कार्डवर, बाकीचं त्यांच्याच कर्जावर, व्याज १६.९ टक्के. शिवाय दरवर्षीचा देखभाल खर्च, जो "कधीच वाढत नाही" असं त्याने शपथेवर सांगितलं. करारात तो दरवर्षी वाढू शकतो असं स्पष्ट छापलेलं होतं.

आणि ज्या टूरसाठी एवढं केलं, तिचं काय? हाती पडलं ते व्हाउचर. त्यावर बुकिंगसाठी माणशी वेगळी फी. शोची तिकिटं दुपारच्या एका छोट्या जादूच्या प्रयोगाची, पोस्टरवर ज्यांचे फोटो होते त्यांपैकी एकाचंही नाही. ग्रँड कॅनियनची टूर होती वेस्ट रिमची, म्हणजे दरीच्या पश्चिमेकडच्या कडेची, आणि हे नीट सांगायला हवं, कारण व्हेगासमध्ये कितीतरी लोक इथे चुकतात. वेस्ट रिम हा भाग हुआलापाई जमातीच्या जमिनीवर आहे. २००७ साली सुरू झालेला काचेचा स्कायवॉक तिथेच. ती जागा वाईट नाही, व्हेगासहून दोन-अडीच तासांवर आहे, म्हणून बसवाल्यांना सोयीची. पण फोटोंत, कॅलेंडरांवर जो ग्रँड कॅनियन आपण लहानपणापासून बघतो, तो राष्ट्रीय उद्यानातला साउथ रिम, आणि तो व्हेगासहून साडेचारशे किलोमीटरच्या आसपास, गाडीने साडेचार तास. काउंटरवरचा फोटो साउथ रिमचा होता. आणि आमच्या व्हाउचरमध्ये स्कायवॉकचं तिकीटही धरलेलं नव्हतं.

सासरे बँकेतून निवृत्त झालेत. त्या रात्री त्यांनी चष्मा लावून ती जाडजूड चकचकीत फाइल पलंगावर पसरली आणि पहिल्या पानापासून वाचायला घेतली. फाइलच्या मागच्या पुठ्ठ्याला आतून एक कप्पा होता, वरून पुस्तिका लावलेली, त्यामुळे सहज हाताला लागणार नाही असा. त्यात घडी घातलेला कागद. "अगं, हे वाच," त्यांनी हाक मारली, "पाच दिवस आहेत आपल्याकडे."

नेवाडाच्या कायद्यानुसार टाइमशेअरचा करार झाल्याच्या तारखेनंतर पाचव्या दिवसाच्या मध्यरात्रीपर्यंत तो लेखी कळवून रद्द करता येतो. दिवस कॅलेंडरचे, कामाचे नव्हेत, म्हणजे शनिवार-रविवारही त्यात मोजले जातात. कारण द्यावं लागत नाही. हा हक्क सोडून दिल्याची सही त्यांनी घेतली असली तरी ती चालत नाही. आणि नोटीस मिळाल्यापासून २० दिवसांत घेतलेले सगळे पैसे परत करणं कंपनीवर बंधनकारक आहे. हॉलमध्ये इतके तास बोलणाऱ्या त्या तिघांपैकी एकानेही याचा उल्लेख केला नव्हता.

आम्ही साधं पत्र लिहिलं. दोघांची नावं, कराराचा क्रमांक, तारीख, "हा करार आम्ही रद्द करत आहोत" हे एक वाक्य, दोघांच्या सह्या. सकाळी पोस्टात जाऊन करारात दिलेल्या पत्त्यावर सर्टिफाइड मेलने, पोचपावतीसह पाठवलं आणि पत्राचा, पावतीचा फोटो काढून ठेवला. त्याच दिवशी त्या हिंदी बोलणाऱ्याचा फोन आला, खुशाली विचारायला. रद्द केलंय म्हटल्यावर सूर बदलला. आधी म्हणाला, पत्राची गरज नाही, मी फोनवरच करून देतो. मग म्हणाला, तुमचा क्रेडिट स्कोअर खराब होईल. दोन्ही खोटं. फोनवर सांगितलेलं धरलं जात नाही, आणि पाच दिवस उलटावेत एवढ्यासाठीच तो फोन असतो.

पुढचा सगळा प्रवास आम्ही बदलला. व्हाउचर तिथेच टाकलं, गाडी घेऊन साउथ रिमला गेलो आणि तिथेच जवळ मुक्काम केला. सासूबाईंनी बघायचं ते बघितलं.

मग व्हेगास सुट्टीला चांगलं की वाईट? माझं मत असं की एक-दोन रात्रींपुरतं चांगलं, तेही चालण्याची ताकद असलेल्या माणसांना. स्ट्रिप जवळजवळ सात किलोमीटर लांब आहे, समोर दिसणारं हॉटेल गाठायला अर्धा तास लागतो, आणि बऱ्याच हॉटेलांत खोलीपासून रस्त्यापर्यंतची वाट कॅसिनोतूनच काढलेली असते. कॅसिनोत सिगारेट ओढायला परवानगी आहे, हे दमा असणाऱ्यांनी आधी लक्षात घ्यावं. उन्हाळ्यात तर म्हाताऱ्या माणसांना नेऊच नये. ७ जुलै २०२४ ला तिथे १२० फॅरनहाइट, म्हणजे जवळपास ४९ सेल्सिअस तापमान होतं. बेलाजिओसमोरची कारंजी खरोखर सुंदर आहेत आणि त्यांना तिकीट नाही. हूव्हर धरण तासाभराच्या आत येतं, रेड रॉक कॅनियन त्याहून जवळ. आम्हाला या जागाच जास्त आवडल्या.

बाकीच्या लहानसहान गोष्टीही सांगून ठेवते. पुलांवर, फुटपाथवर भिक्षूचा वेष घातलेला माणूस हातात मण्यांची माळ घालतो आणि मग पैसे मागतो, सोडत नाही. रंगीबेरंगी पोशाखातल्या कोणाबरोबर फोटो काढला की तेच. विमानतळावरून स्ट्रिपला टॅक्सीचं भाडं झोननुसार ठरलेलं आहे, बसण्याआधीच विचारून घ्या. काही हॉटेलांत खोलीतल्या फ्रिजखाली सेन्सर असतात, बाटली नुसती उचलून बघितली तरी बिलात लागते. रेस्टॉरंटच्या बिलावर करापेक्षा वेगळी 'सीएनएफ' अशी ओळ दिसली तर तो सरकारी कर नाही, दुकानदाराने स्वतः लावलेला आकार आहे. काढायला सांगा, बऱ्याचदा काढतात.

आमचे १,८०० डॉलर परत आले. डिपॉझिटचे ४० आले नाहीत. नेवाडाच्या रिअल इस्टेट डिव्हिजनकडे टाइमशेअर विकणाऱ्यांचे परवाने असतात, तिथे आम्ही लेखी तक्रार दिली, तुमच्याबाबतीत झालं तर तुम्हीही द्या. त्यानंतर काही महिन्यांनी वेगळेच फोन सुरू झाले. "तुमच्या टाइमशेअरमधून आम्ही तुम्हाला सोडवतो, आधी ३,००० डॉलर भरा." आमचा करार केव्हाच रद्द झाला होता, तरी त्यांच्याकडे आमचं नाव आणि कराराची तारीख होती. असा फोन आला तर एक डॉलरही आगाऊ देऊ नका. पाच दिवसांच्या आत असाल तर पत्र स्वतः लिहा, त्याला टपालखर्चापलीकडे काही लागत नाही. मुदत उलटून गेली असेल तर ज्या कंपनीने विकलं तिलाच आधी लेखी विचारा. काही कंपन्या स्वतःहून टाइमशेअर परत घेतात.