टॅबलेट की पॅनेलमधला मंजूर जीपीएस?

वैमानिकाला इन्स्ट्रुमेंट रेटिंग (बाहेर न बघता फक्त उपकरणांवर उडण्याची परवानगी) मिळालं की हा प्रश्न पडतोच: टॅबलेटवर सगळं स्वच्छ दिसतंय, मग विमानाच्या पॅनेलमधल्या, उड्डाणासाठी मंजूर जीपीएसवर एवढा खर्च कशाला?

खर्चात आणि सोपेपणात टॅबलेट सरळ जिंकतो. मोकळ्या आकाशाखाली अचूकतेतही फारसा फरक जाणवत नाही. डेटाबेस दोन्हीकडे दर 28 दिवसांनी ताजा करावाच लागतो.

खरा फरक चूक पकडण्यात आहे. मंजूर यंत्रात रेम ही तपासणी असते. ती किमान 5 उपग्रहांचे संदेश एकमेकांशी ताडून पाहते आणि एखादा बिघडला असेल तर इशारा देते. टॅबलेट मात्र चुकीची जागाही तितक्याच ठामपणे दाखवत राहतो. शिवाय अप्रोचमध्ये, म्हणजे धावपट्टीकडे उतरत येताना, मंजूर यंत्राची मार्गापासून किती बाजूला आहोत ते दाखवणारी सुई आपोआप जास्त संवेदनशील होते. रेमवाल्या जुन्या यंत्रांतही शेवटच्या टप्प्यात मधोमधपासून टोकापर्यंत फक्त 0.3 नॉटिकल मैल. टॅबलेटवरचं चिमुकलं विमान रेषेवर दिसतंय, एवढ्यावर ढगात खाली उतरू नका, ही कळकळीची विनंती. उन्हात तापून तो बंदही पडतो.

फक्त दृश्य नियमांनी उडत असाल तर टॅबलेट पुरेसा आहे. आयएफआरमध्ये, म्हणजे उपकरणांच्या नियमांनी उडताना, तो चार्ट वाचायला आणि परिस्थितीचं भान ठेवायला जरूर ठेवा, पण मार्ग मंजूर यंत्रावरच धरा. ते परवडत नसेल तर व्हीओआर आणि आयएलएस या जमिनीवरून रेडिओने दिशा देणाऱ्या यंत्रणांवर उडा.